तंबोरा बोलेनासा झाला? मिरजेची वाट धरण्याआधी हे तपासा

तंबोऱ्याची तक्रार घेऊन कुणी आलं की मी तो लगेच हातात घेत नाही. आधी विचारतो, नेमकं काय होतंय? उत्तरं फिरून फिरून हीच येतात:

- तीन तारांना छान झंकार आहे, पण एक तार मुकी. छेडली की नुसतं 'डब' होतं आणि आवाज विरतो. बहुतेक वेळा ही तार खर्जाची, म्हणजे सर्वात खालच्या षड्जाची असते.
- सूर बरोबर लागलाय, पण चारही तारा बद्द वाजतात. स्वयंभू गंधार, म्हणजे न छेडता खर्जातून आपोआप उमटणारा गंधार, ऐकूच येत नाही.
- झंकार आहे, पण चिरका. सुरात खरखर मिसळलेली.
- दोन्ही जोड (एकाच षड्जाला लावलेल्या मधल्या दोन तारा) एकामागोमाग छेडल्या की सूर हेलकावे खातो.
- लावलेला सूर दहा मिनिटंही टिकत नाही.
- खुंटी जागची हलत नाही, किंवा हात काढला की सर्रकन उलटी फिरते.

मी रत्नागिरीत राहतो. हौसेने गातो. घरचा एक आणि आमच्या मंडळाचे चार असे पाच तंबोरे वीसेक वर्षं माझ्या हाताखालून जातायत, आणि दर आषाढात वरच्यापैकी एखादी तक्रार येतेच. तंबोऱ्याच्या कारागिरांचं मिरज इथून आंबा घाट चढून, कोल्हापूर ओलांडून. भोपळा मांडीवर धरून एसटीने जायचं आणि यायचं, तर दोन दिवस मोडतात. त्यामुळे घरच्या घरी काय तपासता येईल हे शिकावंच लागलं. शिकल्यावर कळलं की 'जवारी गेली', म्हणजे झंकाराची जुळणी बिघडली, हे सगळ्यांचं पहिलं निदान असतं आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं.

हे निदान चुकलं तर भुर्दंड फक्त पैशांचा नाही. जवारी काढायची म्हणजे घोडीचा, भोपळ्यावरच्या ज्या ठोकळ्यावरून तारा जातात त्याचा, पृष्ठभाग घासायचा. दर खेपेला घोडी थोडी झिजते, आणि झिजलेली परत भरता येत नाही. घोडीचं आयुष्य मोजकं आहे, ते विनाकारण खर्चू नये. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

जवारी म्हणजे काय, थोडक्यात

व्हायोलिनच्या घोडीवर तार एका धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिला अगदी हलका बाक असतो. तार कंप पावताना या बाकावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. या टेकण्या-सुटण्यातून वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरात दडलेले वरचे सूर, जागे होतात आणि तोच झंकार. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली वीणा-तंबोऱ्यावर लिहिताना हेच दाखवलं होतं: तार ज्या जागी छेडली त्यानुसार जे स्वरांश उमटूच नयेत असा नियम आहे, ते इथे ठणठणीत ऐकू येतात. सगळी करामत तार आणि घोडी यांच्यातल्या केसाएवढ्या फटीची. ती फट बदलणाऱ्या गोष्टी मात्र अनेक आहेत, आणि घोडीचा पृष्ठभाग ही त्यातली एकच.

पहिलं: हात आणि बैठक

याला पैसा लागत नाही आणि वेळ दोन मिनिटांचा. भोपळा जाड गोधडीत रुतलाय का? तबलीला (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला) ओढणी, उपरणं किंवा कोपर लागतंय का? तार नखाने ओढली जातेय का? तंबोरा बोटाच्या मांसल भागाने, तारेच्या साधारण मध्यावर, कुरवाळल्यासारखा छेडायचा. घोडीजवळ जोरात खेचली तर चांगल्या जवारीची तारही चिरकते. खरखरीची तक्रार असेल तर बांगडी, अंगठी, सैल झालेली नक्षीची पट्टी आणि खोलीतलं काचेचं कपाटही बघा. आमच्या मंडळाच्या खोलीत एका खिडकीची काच फक्त काळी चारच्या (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरातल्या) खर्जाला थरथरायची. महिनाभर आम्ही तंबोऱ्याला दोष देत होतो.

दुसरं: सूत

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मुक्या तारेचं कारण सर्वात जास्त वेळा इथेच सापडतं.

घोडीवर प्रत्येक तारेखाली सुती दोऱ्याचा एक तुकडा असतो. कुणी त्याला सूत म्हणतं, कुणी जीव. तो तारेला रेसभर उचलतो आणि ती बाकावर नेमकी कुठे टेकावी हे ठरवतो. दोरा रेसभर सरकला तरी तार गप्प होते. तो सरकतोही सहज: गवसणी घालताना, पुसताना, गाडीच्या धक्क्याने.

दोन वर्षांपूर्वी गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात पहिली गायिका बसली आणि खर्ज मुका. मागे बसलेली मुलगी घाबरून म्हणाली, "काका, जवारी गेली वाटतं." बॅटरी धरून बघितलं तर सूत होतं जागेवरच, पण दाबून दाबून चपटं झालेलं. मधोमध तारेची खोल रेघ, आणि कडा सुटून पिंजारलेल्या. तार आता दोऱ्यावर टेकत नव्हती, दोऱ्यातल्या खाचेतून थेट घोडीवर बसत होती. मुलीच्या केसांत मोगऱ्याचा गजरा होता. त्याचा लोंबता दोरा बोटभर कापून घेतला, दुहेरी करून पिळला आणि तारेखालून ओढला. पुढे ढकलत नेला तसा आवाज आधी चिरका झाला, मग एकदम मोकळा. आणखी किंचित पुढे नेला तर पुन्हा बद्द. तसाच मागे घेतला आणि सोडून दिला.

पद्धत हीच आहे. आधी तार सुरात लावा, मग सूत हलवा. उलटं केलंत तर सूर लावताना ताण बदलतो आणि सापडलेली जागा हातची जाते. एका हाताने तार सावकाश छेडत राहा, दुसऱ्या हाताने दोऱ्याची दोन्ही टोकं चिमटीत धरून तो केसभर पुढे, केसभर मागे करा. डोळे मिटून केलं तर लवकर सापडतं.

दोरा सुतीच हवा, मऊ आणि न मेणावलेला. शिलाई मशीनच्या रिळांवर आता बहुतेक पॉलिएस्टर असतं, ते गुळगुळीत आणि कडक. त्याने जवारी एक तर उघडत नाही किंवा कर्कश होते. गजऱ्याचा पांढरा दोरा उत्तम. पंचम-जोडीला एकेरी, खर्जाला दुहेरी किंवा तिहेरी लागू शकतो. आठवड्यात तीन-चारदा तंबोरा वाजत असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी सूत बदलावं. मी दर अमावस्येला बघतो, म्हणजे लक्षात राहतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. मालकंस रागासाठी पंचमाचा मध्यम केला की त्या तारेचा ताण साधारण एक पंचमांश उतरतो. तार बाकावर वेगळ्या जागी बसते, म्हणून झंकार जातो. तंबोरा बिघडलेला नसतो, सूत नव्याने लावायचं असतं.

तिसरं: मणी आणि सुराचा हेलकावा

हेलकावे म्हणजे दोन सुरांत किंचित फरक. सेकंदाला एक हेलकावा येत असेल तर त्या दोन सुरांत एका हर्ट्झचा फरक आहे. खुंटीने तो काढायला जाऊ नका, घोडीच्या पलीकडे तारेत ओवलेला मणी वापरा. मणी घोडीपासून लांब, लंगोटाकडे (तारा खाली जिथे बांधतात तिकडे) सरकवला की सूर चढतो. घोडीकडे आणला की उतरतो. खुंटीने सूर लावण्याआधी चारही मणी मधल्या जागी आणून ठेवायचे. बरेचदा मणी एका टोकाला जाऊन अडकलेला असतो, आणि लोक खुंटीशी झुंजत बसतात.

मोबाइलवरच्या ट्यूनरने पंचम लावत असाल तर आणखी एक कारण संभवतं. ट्यूनरचा पंचम समान अंतरांच्या सप्तकातला असतो, षड्जाशी शुद्ध ३:२ नात्यातला नसतो. काळी एकच्या खर्जाशी तो साधारण चार सेकंदांत एक हेलकावा देतो. काटा हिरवा दाखवतो आणि कान अस्वस्थ राहतो. षड्ज ट्यूनरवर लावा, पंचम कानाने. हेलकावा जितका संथ होत जाईल तितके तुम्ही जवळ आलात, आणि तो थांबला की झालं.

चौथं: तारा

बोटाचं टोक तारेवरून अलगद फिरवा. खरखरीत लागलं तर गंज आहे. कोकणात पोलादी तार एका पावसाळ्यात मरते. गंजलेल्या तारेची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. अशी तार कितीही जुळवा, ती स्वतःशीच बेसूर असते आणि सुतानेही तिची जवारी उघडत नाही. पितळी खर्जाला गंज चढत नाही, पण ती काळवंडते आणि तिचा आवाज मातकट होतो. तार कुठे दुमडून तिला दुमड पडलेली असेल, तरी बदला.

बदलताना एका वेळी एकच तार. चारही एकदम सोडू नका. पुष्कळ तंबोऱ्यांत घोडी नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते. दाब गेला की ती सरकते, आणि मूळ जागा परत सापडणं कठीण होतं. सुरुवात करण्याआधी घोडीच्या चारही बाजूंनी मऊ पेन्सिलीने अगदी फिकट खुणा करून ठेवा. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर एक अख्खी दिवाळी वाचली असती.

तारेची जाडी तुमच्या पट्टीला (तुम्ही गाता त्या षड्जाला) साजेशी आहे का, तेही बघा. जुना तंबोरा विकत घेणाऱ्यांची फसगत इथे होते. सूर अर्ध्या स्वराने चढवला की ताण सुमारे १२ टक्के वाढतो. काळी एकला लावायचा मर्दानी तंबोरा पांढरी चारला चढवला, म्हणजे चार अर्धे स्वर, तर ताण जवळपास ५९ टक्क्यांनी वाढतो. तारा तुटतात, किंवा त्या टिकल्या तर तबली खचते. उलट दिशेने काळी चारचा जनानी तंबोरा खूप खाली आणला तर तारा ढिल्या पडतात आणि घोडीवर लोळतात. जवारी एका ठरावीक ताणासाठी काढलेली असते. पट्टी अर्ध्या-एक स्वराहून जास्त बदलायची असेल तर आधी तारांची जाडी बदला, मग कानाने ठरवा.

पाचवं: खुंट्या

पावसात लाकूड फुगतं आणि खुंटी बसते. मार्च-एप्रिलमध्ये ते आटतं आणि खुंटी घसरते. खुंटी अडकली असेल तर हातोडी, पक्कड काहीही आणू नका. तंबोरा कोरड्या खोलीत एक दिवस ठेवा. मग तार ढिली करत खुंटी डावीउजवीकडे हलवत बाहेर काढा, आणि जिथे चकचकीत वळ दिसतो तिथे कोरड्या साबणाचा तुकडा एकदाच फिरवा. घसरत असेल तर त्याच वळावर पांढरा खडू घासा. राळ लावू नका, ती पुढच्या पावसात चिकटून बसते. फिरवताना खुंटी नेहमी आत दाबत फिरवायची, आणि तारेचे वेढे भोकाकडून खुंटीच्या डोक्याकडे जातील असे घ्यायचे, म्हणजे तार स्वतःच खुंटीला आत ओढते. निम्म्या घसरणाऱ्या खुंट्या एवढ्यावर थांबतात.

खुंटी फिरवली तरी सूर हलत नाही, आणि मग अचानक 'टिक्' होऊन उडी मारतो, असं होत असेल तर दोष खुंटीचा नाही. तार अटीच्या, म्हणजे खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत अडकतेय. तार बाजूला घेऊन खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. सुराच्या उड्या बंद होतात.

सूर टिकत नसेल आणि खुंट्या चांगल्या असतील, तर हवेकडे बघा. बाहेरच्या दमट हवेतून थेट वातानुकूलित सभागृहात आणलेला तंबोरा अर्धा तास तरी सूर सोडत राहणार. तो आधी आत नेऊन, गवसणी काढून ठेवा आणि मग लावा. नव्या ताराही पहिले दोन-तीन दिवस ताणल्या जातात, तोवर धीर धरावा लागतो.

सहावं: घोडी, पण फक्त डोळ्यांनी

इथपर्यंत सगळं करून तार मुकीच राहिली, तरच घोडीकडे या. सूत काढा, तार किंचित ढिली करून बाजूला धरा, आणि घोडीचा पृष्ठभाग कोरड्या सुती कापडाने पुसा. सुतातली धूळ आणि घाम यांचा थर बसलेला असतो. नुसता तो निघाला आणि तार बोलू लागली, असंही मी तीन-चार वेळा पाहिलंय. मग बॅटरीचा उजेड आडवा टाका. तारेच्या रेषेत चर पडलाय का? नखाला तो लागतो का? नखाला लागला, तर यावेळी खरंच जवारी गेलेली आहे. घोडीचे पाय तबलीला सगळीकडे टेकलेत का तेही बघा. पायाखालून कागद सरकत असेल तर आवाज तबलीपर्यंत पोचत नाही, आणि चारही तारा बद्द वाजण्याचं ते मोठं कारण असतं.

आणि आता थांबा. इथून पुढचं काम तुमचं नाही, माझंही नाही.

पंचविसाव्या वर्षी मी इथे थांबलो नव्हतो. आत्याचा तंबोरा होता, तिच्या तरुणपणी मिरजेहून आणलेला, सांबरशिंगाची घोडी असलेला. मी बारीक पॉलिश पेपर घेतला आणि खर्जाखाली दोनदा फिरवला. खर्ज उघडला. मला वाटलं, आणखी दोन हात मारावे. उघडलेला खर्ज बंद झाला. तो उघडायला मी पुन्हा घासलं, मग जोडीशी उंची जुळेना म्हणून जोडीखालीही घासलं. मिरजेच्या कारागिरांनी घोडीवरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, "यात आता माल राहिला नाही." सांबरशिंगाच्या व्यापारावर बंदी आहे, त्यामुळे तशी घोडी परत मिळणार नव्हती. आत्या मला एका शब्दाने बोलली नाही. नवी घोडी बसवली, तंबोरा आजही चांगला वाजतो, पण जो आवाज ऐकत मी षड्ज लावायला शिकलो तो गेला.

कारागीर कानसेचा एक हात मारतो, पुन्हा तार चढवतो, सूर लावतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. असं चारही तारांसाठी, तासन्‌तास. बाक किती ठेवायचा हे तो डोळ्यांनी बघत नाही, कानाने ठरवतो. हे वाचून येण्यासारखं काम नाही.

यातलं काहीही दिसलं तर सरळ कारागिराकडे

- घोडीवर नखाला लागणारा चर, किंवा घोडीचा पाय तुटलेला अथवा उचललेला.
- तबली घोडीखाली खचलेली. मोजपट्टी आडवी ठेवून बघा.
- भोपळ्याला तडा. बोटाच्या पेराने टकटक करत गेलात तर तड्यापाशी आवाज फुटका येतो. झटपट चिकटणारा गोंद लावू नका. तो निघत नाही, आणि कारागिराला तो भाग कापावा लागतो.
- दांडी आणि भोपळा यांच्या सांध्यात फट, किंवा दांडीला बाक. तारा आणि दांडी यांच्यातलं अंतर वाढत चाललं असेल तर हेच.
- खुंटीचं भोक अंडाकृती झालेलं.

तबली, तडा, सांधा यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी चारही तारांचा ताण निम्म्यावर आणा, पण तारा पूर्ण सोडू नका.

मिरजेत हे काम १९व्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत खास वाद्यांसाठी पिकवलेले भोपळे, तुनाचं लाकूड, आणि सतारमेकर गल्लीतले हात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मिरजेला जाणं शक्य नसेल तर तिथल्या कारागिरांशी संबंध असलेली दुकानं पुण्या-मुंबईत आहेत. मात्र जवारी कोण काढणार हे विचारा, आणि शक्य असेल तर ते काम होईपर्यंत समोर बसा. मागे एका शहरातल्या दुकानात मंडळाचा तंबोरा दिला होता. तिथे जवारी काढून दिली, पैसे घेतले आणि जुनं सूत तसंच ठेवलं. घरी येऊन सूत बदलल्यावर कळलं की आधीचीच जवारी ठीक होती.

नेताना तुमची पट्टी कागदावर लिहून न्या, आणि पहिल्या तारेवर पंचम लावता, मध्यम की निषाद, हेही. तुम्ही नेहमी वापरता त्याच जाडीच्या ताराही सोबत द्या. दुसऱ्या तारांवर काढलेली जवारी तुमच्या तारांना लागू पडेल असं नाही. खुली (मोकळ्या झंकाराची) जवारी हवी की बंद, हे शब्दांत सांगत बसू नका. कारागिरासमोर बसून त्या तंबोऱ्यावर तुमचा षड्ज लावून दाखवा. तो आवाज ऐकेल आणि कानस उचलेल.